संध्याकाळचा धूर आणि खिशातली काडी

यावल तालुक्यातल्या एका मोठ्या गावातून एका शिक्षिकाताईंनी विचारलंय. गोषवारा असा: दिवाळीनंतर रोज संध्याकाळी गावावर धुराचा थर बसतो, सासूबाईंना दम लागतो. घरामागची गटार वास मारते, उकिरड्यात शेणापेक्षा प्लास्टिक जास्त दिसतं आणि लग्नसराईत डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरतात. "आम्ही दहा-बारा घरं काहीतरी करायला तयार आहोत. झाडं लावावीत की प्लास्टिकबंदी करावी? सुरुवात कुठून करू?"

ताई, मी सव्वीस वर्षं खानदेशातल्या नगरपालिकांमध्ये स्वच्छता निरीक्षक म्हणून काढली. आता घरची शेती बघतो, कपाशी आणि थोडी केळी. म्हणजे कचरा जाळला म्हणून नोटीस फाडणारा मीच होतो, आणि बांधावरच्या पऱ्हाटीला, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या सुक्या झाडांना, काडी लावून घरी येणाराही बरीच वर्षं मीच होतो. तेव्हा दोन्हीकडचं सांगतो.

झाडं लावा, पण जुलैत. डिसेंबरात रोप लावून फोटो काढले की एप्रिलच्या उन्हात त्याची काडी होते. आत्ता हातात घ्यायचं काम धुराचं. सासूबाईंच्या छातीत तो आजच जातोय, आणि त्यातला बराचसा धूर कुठल्या कारखान्याचा नसून आपल्या हातच्या काडीचा असतो. जी गोष्ट आपल्या हातानं पेटते ती थांबवायला मंत्रालयात जावं लागत नाही.

पहिले आठ दिवस काहीच करू नका, फक्त मोजा. संध्याकाळी सहा ते साडेसात एक वही घेऊन गावात चक्कर मारायची. दिसेल त्या जाळापुढे चार गोष्टी लिहायच्या: कुठं, काय जळतंय, कोणी लावलं, आणि का लावलं. शाळेतली दोन मोठी पोरं सोबत घ्या. चौथा रकाना भरायला माणसाशी बोलावं लागतं आणि खरं उत्तर तिथंच मिळतं. मी हे एका गावात पहिल्यांदा केलं तेव्हा माझी खात्री होती की जाळ शेतकऱ्यांचे निघतील. निघाले आमचेच. आमचे झाडूवाले सकाळी रस्ता लोटून कोपऱ्यात ढीग करायचे आणि कोपऱ्यातच पेटवायचे. एका मुकादमाला विचारलं, तर तो शांतपणे अहिराणीत ("शे" म्हणजे आहे) म्हणाला, "साहेब, गाडी दूर शे, पाला जड शे, नि काडी खिसामा शे."

या एका वाक्यानं मला नोकरी शिकवली. माणूस जाळतो तो अडाणी असतो म्हणून नाही. जाळणं त्याला सगळ्यात सोपं पडतं, म्हणून. त्याच्यापुढे जाळण्यापेक्षा सोपं काही ठेवता आलं तरच जाळ थांबतो. पुढं जे सांगणार आहे त्या प्रत्येक उपायाला मी हीच फूटपट्टी लावतो.

हिवाळ्यातच का एवढा त्रास होतो तेही समजून घ्या, कारण लोक म्हणतील की उन्हाळ्यातही जाळतोच की. आपला तापीचा पट्टा वर सातपुडा आणि खाली अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरांमध्ये परातीसारखा आहे. थंडीत सूर्य बुडाला की जमीन झपाट्यानं गार होते आणि तिच्या लगतची हवाही गार होते. वर मात्र दिवसभराची ऊबदार हवा तशीच राहते. गार हवा जड, ती वर चढत नाही. मग धूर घराच्या पत्र्यापर्यंत जातो आणि तिथंच आडवा पसरतो, भांड्यावर झाकण ठेवावं तसा. दुपारी बाराला पेटवलेला ढीग आणि संध्याकाळी सातला पेटवलेला तेवढाच ढीग यांचा गावाला होणारा त्रास म्हणूनच वेगळा असतो.

त्या धुरातला सर्वांत वाईट भाग डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात. कपाशीच्या एका तंतूची जाडी साधारण १५ मायक्रॉन धरा. हा कण त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. नाकातले केस त्याला अडवत नाहीत, तो फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. आपल्याकडचं मानक वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते ५ वर आणून ठेवलं. आणि हा दिल्लीचाच प्रश्न समजू नका. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं जळगावही आहे.

आता झाडूवाल्यांच्या पाल्याचं काय केलं ते सांगतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी घेतली, चार बांबू, आणि चार फूट रुंद, चार फूट उंच गोल पिंजरे केले. रस्त्याच्या ज्या कोपऱ्यावर ढीग पेटायचा, नेमका त्याच कोपऱ्यावर पिंजरा. बाईनं झाडत यायचं आणि घमेलं पिंजऱ्यात उलटं करायचं, एवढंच. लांब न्यायचं नाही, गाडीची वाट बघायची नाही. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतो तेव्हा पिंजरा दोन दिवसांत काठोकाठ भरतो, मग दोन बादल्या पाणी ओतलं आणि पायानं दाबलं की निम्मा खाली बसतो. वरून पाणी आणि शेणकाला पडत राहिला तर सहा-आठ महिन्यांत तळाला काळं, मातीच्या वासाचं पानखत तयार होतं. पहिल्या वर्षी दोन पिंजरे लोकांनी पेटवले, एका पिंजऱ्यात शेळी अडकली. जाळी जमिनीपासून वीतभर वर ठेवायची नसते हे त्या शेळीनं शिकवलं. तुमच्या शाळेच्या आवारात असा एक आधी करा. पोरांना काडी घालून आतली ऊब बघायला फार आवडतं.

तुम्ही चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ लिहिलीय, की सासूबाईंना सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवल्यावर जास्त खोकला येतो. ताई, ही ओळ पहिली यायला हवी होती.

आमच्या आप्पांचा तांब्याचा बंब होता. नोकरीत मी लोकांना प्लास्टिक जाळू नका म्हणून सांगत फिरायचो आणि घरी आप्पा पहाटे पाचला बंबात काय घालायचे? पऱ्हाटीची काडी ओली असली की पेट घेत नाही, म्हणून आधी दुधाच्या दोन पिशव्या, ठिबकच्या नळीचा एक तुकडा, आणि वर्षातून दोनदा फाटक्या चपला. त्यांच्या लेखी ती काटकसर होती, काहीच वाया जात नव्हतं. रेक्झीनची चप्पल किंवा पीव्हीसीची नळी जळते तेव्हा त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि बंबातल्या असल्या मंद, कोंडलेल्या जाळात डायॉक्सिनं नावाची विषारी रसायनं तयार होतात. ती शरीराच्या चरबीत साठून राहतात. बंबाची चिमणी बहुतेक घरी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर असते आणि समोर स्वयंपाकघराची खिडकी. गावातले सगळे जाळ विझवले तरी हा एक सासूबाईंना पुरेसा आहे.

बंब लगेच मोडीत काढायला सांगत नाही, घरात भांडण नको. आधी त्याच्याजवळची प्लास्टिकची पिशवी हलवा. पेटवणासाठी सुकी गोवरी, नारळाची शेंडी, तुराटीचे बारीक तुकडे एका डब्यात कोरडे ठेवा. काडी कोरडी असली की पेटवायला दुसरं काही लागतच नाही. चिमणीला एक पाइप जोडून ती पत्र्याच्या वर तीन-चार फूट न्या. मग सवडीनं सौर बंबाचा विचार करा, ऊन आपल्याकडे उदंड आहे. आमच्या एका शेजाऱ्यानं ठिबकच्या जुन्या काळ्या नळीचं वेटोळं गच्चीवर टाकून घरचा सौर बंब केला. पाणी चांगलं कढत येतं, फक्त आंघोळ दुपारी करावी लागते. सासूबाईंच्या डॉक्टरांना बंबाबद्दल आणि चुलीबद्दल आवर्जून सांगा. पेशंट स्वतः हे सांगत नाही आणि डॉक्टर विचारायचे राहतात. बंद खोलीत डासांची कॉइल लावत असाल तर ती आज रात्रीच बंद करून मच्छरदाणी बांधा.

आता शेत. इथं मी जरा वेळ घेणार आहे, कारण तुमच्या वहीत डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात मोठे जाळ शेतातलेच सापडतील, आणि शेतकऱ्यावर चिडून काही उपयोग नाही.

कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटी चिमट्यानं उपटतात. एकरी साधारण टनभर काडी निघते. पूर्वी ती वर्षभर चुलीला पुरायची. गॅस आल्यावर ती नकोशी झाली. बांधावर रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन शेजारच्या शेतात उतरते. म्हणून कृषी सहायकही म्हणायचे, पऱ्हाटी ठेवू नका, फरदड (तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक) घेऊ नका. शेतकऱ्यानं त्याचा सरळ अर्थ काढला: पेटवा. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अळी खरीच आहे. पण काडीची कुट्टी केली तरी अळी आणि कोष चिरडले जातात, आणि ढीग लावला तर उरलेसुरले आतल्या उष्णतेनं मरतात.

शेजारीच केळी. ५ बाय ५ फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात. घड कापल्यावर उरलेला एकेक खांब वीस किलोचा धरला तरी एकरात ३५ टनांच्या आसपास ओला माल पडतो. तो जळत नाही, दहात नऊ भाग पाणीच असतं. म्हणून तो उचलून नाल्याकाठी, रस्त्याच्या कडेला टाकतात. तिथं तो सडतो, पावसाचं पाणी अडवतो, आणि वाळला की कोणीतरी त्यालाही काडी लावतो.

म्हणजे एका बांधावर सुका माल आहे ज्याला कुजायला पाणी मिळत नाही, आणि दुसऱ्या बांधावर पाण्यानं भरलेला माल आहे जो एकटा कुजला की घाण वास मारतो. दोन्ही एकत्र करायचे. खत करणारे याला कर्ब-नत्राचं गुणोत्तर म्हणतात, साधारण तीसास एक असावं लागतं. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र कमी. ते शेणकाल्यानं भरून निघतं. केळीचा खांब पाणी देतो आणि वर पालाशही.

माझी पद्धत सांगतो. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या कुट्टी यंत्रानं पऱ्हाटीचे बोटभर तुकडे करून घ्यायचे. मोठे राहिले की वर्ष लागतं, ही माझी पहिल्या वर्षाची फजिती. केळीचा खांब कोयत्यानं उभा चिरून वीतभराचे तुकडे. मग पाच फूट रुंद पट्टा आखून एक थर पऱ्हाटीचा, एक केळीचा, त्यावर शेणकाला, असं करत चार फुटांपर्यंत चढवायचं. ढीग झाडाच्या सावलीत हवा. आपल्या उन्हात उघडा ढीग कुजत नाही, नुसता वाळतो. खानदेशात कंपोस्ट फसतं ते बहुतेक एवढ्याचमुळे. वरून केळीची पानं किंवा जुनी गोणपाटं टाकायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, पाच मिनिटांनी काढून मुठीत धरायची. धरवत नसेल इतकी तापली असेल तर ढीग जमला. आत ५५ ते ६५ अंश असतं तेव्हा असं होतं, आणि तणाचं बी, बुरशी, अळी याच उष्णतेनं मरतात. सळई कोमट निघाली तर आतला मूठभर माल काढून पिळा: एक-दोन थेंब सुटले तर ओल बरोबर, हात कोरडा राहिला तर पाणी हवं, धार लागली तर पऱ्हाटी वाढवा. पंधरा दिवसांनी ढीग पलटायचा, म्हणजे बाहेरचं आत जातं. जानेवारीत लावलेला ढीग मे अखेरीस शेतात टाकण्याजोगा होतो, मृगाच्या आधी.

दोन अपवाद. केळीवरच्या हरण्या या विषाणू रोगाची झाडं ढिगात घालू नका, ती उपटून खड्ड्यात गाडा. करप्याची पानं घालायचीच असतील तर ढिगाच्या मध्यभागी, कडेला नाही. आणि भरतासाठी लागतात तेवढ्या काड्या खुशाल बाजूला काढा. बामणोदची वांगी गॅसवर भाजा असं सांगायला मी तुमच्या तालुक्यात येणार नाही.

एवढं सगळं प्रत्येक शेतकरी करणार नाही, मजूर कुठून आणायचा? त्याच्यासाठी दुसरा रस्ता कुट्टी शेतातच पसरून रोटाव्हेटर मारण्याचा. तिसरा विकण्याचा: पऱ्हाटीपासून दाबून ठोकळे करतात, पांढरा कोळसा म्हणतात त्याला, बॉयलरला तो चालतो. औष्णिक वीज केंद्रांनीही कोळशात काही भाग असा जैवभार मिसळावा असं केंद्राचं २०२१ चं धोरण आहे. पण ठोकळ्याचा कारखाना लांब असला की भाड्यातच पैसे जातात, म्हणून मी त्याचा फार ढोल वाजवत नाही. आधी चौकशी, मग आशा.

प्लास्टिकबद्दल लोक "बंदी करा" म्हणतात. बंदी आहेच. राज्याची २०१८ पासून, केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून, आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून चालत नाही. तरी आठवडे बाजारात मेथीची जुडी पातळ पिशवीतच मिळते. मी बाजारात दंड केलेत. दंडाच्या दिवशी पिशव्या गोणपाटाखाली जातात आणि दुसऱ्या दिवशी वर येतात. जे जमलं ते वेगळंच होतं.

बघा, ठिबकची जुनी नळी तुम्हाला उकिरड्यात कधी पडलेली दिसते का? नाही. कारण भंगारवाला तिला किलोवर भाव देतो. जे विकलं जातं ते सहसा जळत नाही. मग कामाचा मुद्दा हा, की आणखी काय काय विकलं जाईल अशा अवस्थेत आणता येईल. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, कोपरा पूर्ण तोडून न टाकता ठेवली तर भंगारात जाते. केळीच्या घडाला घालतात त्या पिशव्या कापणीच्या वेळी टोळीवाले ओढून बागेतच टाकतात. टोळीशी ठरवतानाच सांगायचं की पिशव्या गोणीत भरूनच द्यायच्या. त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, ज्याच्या जळगावला चटया विणतात तेच प्लास्टिक. एकाच जातीचा, कोरडा, स्वच्छ माल असला की गिऱ्हाईक मिळतं; चार जातींची खिचडी केली की कोणी हात लावत नाही. मल्चिंग पेपरचं, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचं, दुखणं मातीचं आहे. मे महिन्यात काढायला गेलं की तो उन्हानं कुरकुरीत होऊन हातात तुकडे येतात, उरलेले नांगरात मिसळतात. शेवटचा तोडा झाला की त्याच आठवड्यात, जमीन कोरडी असताना, बांबूवर गुंडाळत काढा आणि झटकून ठेवा.

गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं यांना मात्र भाव नाही, त्यांत प्लास्टिकचे नि चकाकीचे थर चिकटवलेले असतात. ती वेगळी गोणीत साठवून ग्रामपंचायतीच्या गाडीत द्यायची. गाडी नसेल तर साठवत राहायची. साठलेली गोणी दिसते, खुपते, ग्रामसभेत नेऊन ठेवता येते. जाळलेली नेता येत नाही. कीटकनाशकाच्या बाटल्या या गोणीत नकोत: फवारणी करतानाच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा म्हणजे कोणी त्यात रॉकेल भरणार नाही, आणि पंप विहिरीच्या धावेवर किंवा पाटात धुऊ नका.

उकिरड्याला नावं ठेवू नका. आपल्या आज्यापणज्यांचा उकिरडा उत्तम होता, त्यात शेण, राख, पालापाचोळा यांशिवाय काही जातच नव्हतं. घरात ओल्याला एक बादली आणि सुक्याला एक गोणी ठेवली की तोच उकिरडा पुन्हा खताचा होतो. दहा घरांत हे बायकांनी ठरवलं तर आठवड्यात होतं. पुरुषांनी ठरवलं तर समिती होते.

गटारीबद्दल तुम्हाला कोणीतरी शोषखड्डा सुचवेल. थांबा. आधी माती बघा. तुमच्याकडे बऱ्याच ठिकाणी खोल काळी आहे. ती पावसात फुगते, पाणी जिरवत नाही. मी एका वस्तीत असे शोषखड्डे मोठ्या हौसेनं करून घेतले होते, पहिल्याच श्रावणात सगळे उलटे वाहिले. मुरमाड जागेत खड्डा चालतो. काळीत दोन फूट रुंद, दोन फूट खोल, दहा फूट लांब चर खणून त्यात खडी भरा, पाणी खडीच्या खालून वाहील असं सोडा आणि वर कर्दळ, अळू, दोन केळी लावा. पाणी उघड्यावर येत नाही म्हणून डास होत नाहीत, आणि झाडं ते पिऊन टाकतात. मोरीतून बाहेर पडतं तिथं जाळीचा एक डबा बसवा आणि आठवड्याला साफ करा. आपल्या शेवभाजीचा तवंग गटारीत गेला की चर दोन महिन्यांत चोंदतो. ताट आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची जुनी सवयच बरी.

डीजेचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद. पण भर लग्नात फोन करून पोलीस बोलावले तर भाऊबंदकी कायमची बिघडते. सुपारी द्यायच्या आधी, मांडव ठरताना वरपक्षाच्या एखाद्या वडीलधाऱ्या जिभाऊंना गाठा. मांडवाचा विषय निघालाच तर त्यांना आठवण द्या, की काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात तुमच्याच तालुक्यातल्या फैजपूरला भरलं, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून केली. थर्माकोलशिवाय मांडव शोभतो याला यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

दंडाचं बरेच जण विचारतात. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. कारखान्याचा धूर किंवा सांडपाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय जळगावला आहे, तिथं तारीख, वेळ आणि फोटोसह लेखी द्या. तुमची वही तेव्हा कामाला येईल. शेजाऱ्यावर मात्र दंडाचं शस्त्र उगारू नका. गावानं स्वतः केलेला नियम जास्त टिकतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं कुऱ्हाडबंदी स्वतःच ठरवली, स्वतःच पाळली आणि जंगल उभं केलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. तुमच्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा: सूर्य बुडाल्यावर गावठाणात कोणीही कचरा पेटवायचा नाही. सगळं बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. वेळेचं बंधन लोक मान्य करतात, आणि संध्याकाळचा थर तेवढ्यानंही पातळ होतो.

एक शेवटचं, कामाचं. कुट्टी यंत्रवाल्याशी नोव्हेंबरातच बोलून ठेवा आणि दहा-बारा शेतांची तारीख एकत्र घ्या, म्हणजे तो एकाच फेरीत सगळं उरकतो आणि दरही कमी लावतो. जानेवारीत त्याला फोन केला तर तो "येतो भाऊ, परवा" म्हणतो, आणि परवापर्यंत कोणाच्या तरी खिशातून काडी बाहेर निघालेली असते.